वरच्या आळीचं जोतं

गाडी जुंपून झाली होती, भांडीकुंडी चढली होती, कोंबड्या डालग्यात कोंडल्या होत्या आणि आईचा पत्ता नव्हता. बैल अंगावरच्या माशा उडवत उभे. बाबा तर आधीच तापलेले. ते ओरडले, "सरे, जा, बघ तुजी आय कुटं तडमडली ती!"

मी तेव्हा नऊ वर्षांची. पळत घरामागं गेले. आई परड्यात जमिनीवर हात टेकून बसली होती. तिथं माझा थोरला भाऊ होता. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी साथ आली, त्यात पाच महिन्यांचा होऊन गेला. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून परड्यातच पुरला होता. तिथं ना दगड, ना खूण. आईला तेवढी जागा बरोबर ठाऊक होती.

मला बघून म्हणाली, "ह्याला कसं न्यायचं गं?"

मी पोर. म्हटलं, "मूठभर माती घे की."

"माती नेली म्हंजी लेकरू येतंय व्हय?" ती म्हणाली आणि उठली. धरणाचं पाणी खालच्या शेतांत येऊन थांबलं होतं. गाडी हलली तेव्हा बाबांनी बजावलं, "मागं वळून बघायचं न्हाई." बाबांनी पाहिलं नाही. मी पाहिलं, आई तर गावाकडं तोंड करूनच बसली होती.

चांदिवळ्याच्या माणसांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. जे वर सरकून डोंगराच्या कडेला झोपड्या बांधून राहिले त्यांच्यासाठी, आणि जे आमच्यासारखे पांगले त्यांच्यासाठीही. मी काही लिहिणारी बाई नाही. पुण्यात खानावळ चालवते. दोन स्टोव्ह, चार पातेली आणि तीस-बत्तीस मेंबर, त्यातले निम्मे मिठावरून कुरकुरणारे. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आम्ही माणला मामाकडं गेलो. मामा चांगला, मामी वाईट नव्हती, पण आश्रिताची भाकरी घशात अडकते ती अडकतेच. बाबा दुसऱ्याच्या रानात राबले. चांदिवळ्यात भात लावणारा माणूस, माणच्या ज्वारीत शेवटपर्यंत पाहुण्यासारखाच वावरला. पुढं माझं लग्न पुण्यात झालं. नवरा सायकलच्या दुकानात, त्याच्या पगारात भागेना म्हणून मी डबे करायला लागले, त्याची खानावळ झाली. बाबा गेल्यावर आई माझ्याकडं आली. तिला नळाचं पाणी कधी आवडलं नाही. म्हणायची, "ह्या पान्याला वासच न्हाई गं कसला." पण थोरल्याचं नाव काढायची नाही. फक्त पंगतीत एखादा तरुण मेंबर पोटभर जेवला की त्याच्याकडं बघत राहायची आणि मग मला विचारायची, "आपला आता केवढा असता?" मी वर्षं सांगायची. प्रत्येक वेळी तिला ती नव्यानं कळल्यासारखी वाटायची.

स्वराज्य आल्यानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या खालच्या आळीतला सदूभाऊ घरी आला. खडकीच्या कारखान्यात कामाला, आवाज सरपंचाचा. म्हणाला, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, तेव्हा गावाची जोती उघडी पडतात, मी स्वतः बघून आलोय. आपल्या आळीची सगळी घरं गोळा करू. अक्षय्य तृतीया पितरांचीच, तिच्या जवळचा रविवार धरू. पोराबाळांना घेऊन जाऊ, जो तो आपापल्या जोत्यावर बसेल आणि आपल्या घरची एक तरी गोष्ट पोरांना सांगेल. "गोष्ट सांगितल्याबगर भाकरी सोडायची न्हाई," असा त्यानं नियमच केला.

मी म्हटलं, "सदूभाऊ, उन्हातान्हात चिखल तुडवायला माणसं येतील का?"

आई आतून म्हणाली, "मी येनार."

तिच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. पण ती काय बघायला निघाली होती ते मला समजलं. मी वाद घातला नाही.

पहिल्या वर्षी आम्ही सात घरची माणसं होतो. येष्टीनं पौडावरून मुळशीपर्यंत, आणि पुढं चालत. डोंगराच्या वळणावरून खाली पाहिलं. पाणी आत सरलेलं, काठाचा गाळ वाळून भेगाळलेला, आणि त्या गाळातून दगडांच्या ओळी वर आलेल्या. झाड नाही, वाट नाही, ओढा नाही. गाव कुठून कुठं होतं काही म्हणता काही कळेना. मग सदूभाऊनं देवळाचं जोतं शोधलं. तीन पायऱ्या, समोर दीपमाळेचा बुंधा. "हे आपलं मारुतीचं देऊळ!" तो ओरडला आणि तिथून पावलं मोजत त्यानं एकेका घराचं जोतं दाखवून दिलं. आमचं जोतं देवळापासून चौथं.

आईनं काय करावं? पदर खोचला, येताना पिशवीतून आणलेलं शेण पाण्यात कालवलं आणि अख्खं जोतं सारवून काढलं. मग मागं परड्याच्या अंदाजानं गेली, हातानं जमीन चाचपली आणि एका जागी थांबली. तिथं तिनं पानावर दूधभात ठेवला. दूध तिनं पुण्याहून तांब्यात, तोंडाला फडकं बांधून आणलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता.

नंतर तिनं गोष्ट सांगितली. आमचा आजा माळ्यावर राखणीला झोपला होता, पायाशी काहीतरी ऊबदार येऊन बसलं. आज्याला वाटलं कुत्रं, त्यानं झोपेतच लाथ घातली, "हाड!" म्हणाला. सकाळी बघतो तर बिबट्याच्या पावलांचे ठसे. बिबट्या बिचारा मुकाट निघून गेला होता. पोरं हसून लोळली. आई इतकी बोलते हे माझ्या पोरांनी पहिल्यांदाच ऐकलं. चार वर्षं हे असं चाललं. चार वर्षं तिनं ते जोतं सारवलं, मागं दूधभात ठेवला आणि परतीच्या येष्टीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी झोपली. वर्षातली तिची तेवढीच गाढ झोप असावी.

पाचव्या वर्षी धनगर भेटला. ठकूबाबा त्याचं नाव. वरच्या पठारावर म्हशी राखून त्याची हयात गेलेली. म्हशींना पाण्यावर घेऊन उतरला होता. आई मागं दूधभात ठेवत होती, मी आणि सदूभाऊ जोत्यावर भाकऱ्या मांडत होतो. तो काठी टेकून आमच्याकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बरं झालं बाबा, मिटलं एकदाचं."

सदूभाऊ म्हणाला, "काय मिटलं?"

"तुमचं आन वरच्या आळीचं. चार वरसं वरनं बघतुया मी. खालच्या आळीची मानसं वरच्या आळीच्या जोत्यांवर बसत्यात, भाकरी खात्यात. म्हनलं, धरनानं एवढं तरी चांगलं केलं."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

ज्यांना आठवत नसेल त्यांना सांगते. चांदिवळ्याच्या दोन आळ्या, मध्ये ओढा, आणि भैरोबाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून तीन पिढ्यांचा उभा दावा. एकमेकांच्या घरचं पाणी नाही, लग्नाला नाही, मयताला नाही. म्हणून तर सदूभाऊनं वरच्या आळीतल्या एकाही घराला बोलावलं नव्हतं. आणि ठकूबाबानं काठीनं दाखवलं ते असं: हे देऊळ मारुतीचं नव्हेच, भैरोबाचं. दोन्ही एकाच गवंड्यानं बांधलेली, पायऱ्या तीन आणि तीन. मारुती आणि आमची सगळी आळी अजून खाली, तिथं पाणी कुठल्याच उन्हाळ्यात हटत नाही. आम्ही गाव जमिनीवरून पाहिलेलं, त्यानं वरून. कुठल्या घरातून धूर निघतो हे त्याला पठारावरून दिसायचं. त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

सदूभाऊचा चेहरा पडला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "म्हातारीला सांगू नगंस. तिला काय दिसतंय? बसू दे सुखानं."

मला त्याचा असा राग आला! पण राग कसला, माझ्याही मनात तेच आलं होतं. आईला काय सांगायचं? की चार वर्षं तू परक्याच्या परड्यात दूधभात ठेवलास? की तुझं लेकरू पाण्याखालीच आहे आणि तिथंच राहणार? तिच्या आयुष्यात मागण्यासारखं ते एवढंच उरलं होतं. मी ठरवलं, गप्प राहायचं.

आई हात झटकत आली. "काय म्हनत व्हता गं त्यो?"

"काही नाही."

"सरे, तू ल्हान व्हतीस तवाबी तुला खोटं बोलाया येत नव्हतं."

मग मी सांगितलं. एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुढं बोलताच आलं नसतं.

आधी ती भडकली. "सद्या, मुडद्या! चार वरसं मला दुसऱ्याच्या दारात बसीवलंस व्हय रं?" सदूभाऊ, पन्नास माणसांवरचा मुकादम, मान खाली घालून उभा. मग तिनं ठकूबाबाला विचारलं, "आमचं घर कुटं?" त्यानं पाण्याकडं काठी केली, "त्यो बगळा बसलाय न्हवं, त्याच्या म्होरं." आईला बगळा दिसणार नव्हता. तरी ती तिकडं तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मी तिचा हात धरला. 

"आन हे घर कुनाचं?"

"भागूबाईचं. तिची बी पोरगी गेली की तुमचा पोरगा गेला त्याच साथीत. हितंच मागं पुरली. मी वरनं बघितलं व्हतं."

आई मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. पण ती रडत होती. बाबा गेले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी भाकरी सोडण्याआधी तिनं जी गोष्ट सांगितली ती आमच्या घरची नव्हती. ती म्हणाली, "थोरला गेला त्याच्या आठव्या दिवशी मी नदीला धुनं घेऊन गेले. पान्हा आटला नव्हता, चोळी भिजत व्हती. बघते तर दगडावर भागी. तिची बी चोळी भिजल्याली. आमी दोघी एका दगडाला बसलो. तिनं मला इचारलं न्हाई, मी तिला न्हाई. आळीचा दावा ना! दोघी मुकाट धुनं धूत ऱ्हायलो. ती आदी उठली. उठताना माझा पिळा तिनं बादलीत टाकला, आन गेली. एक शबूद बोलले असते तर माजी जीभ झडली असती व्हय?"

सदूभाऊनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. 

मग ती म्हणाली, "चार वरसं तिच्या लेकीला दूधभात मिळाला. मिळाला ते बरंच झालं. तिची आय कुटं हाय कुनाला ठावं." आणि ठकूबाबाला विचारलं, "नाव काय व्हतं रं पोरीचं?" त्याला ते ठाऊक नव्हतं. वरून धूर दिसतो, नाव कसं दिसणार?

त्यानंतर आई दोनदा गेली. दोन्ही वेळा तिनं दूधभाताचे दोन भाग केले. एक घेऊन घोट्याभर पाण्यात गेली आणि सोडून दिला. म्हणाली, "आपल्या लेकराला तहान तरी लागायची न्हाई." दुसरा भागूबाईच्या परड्यात ठेवला. पोरीला हाक मारायची म्हणजे काय म्हणून मारणार? "बाय" म्हणायची. "ये गं बाय, जेव."

आई जाऊन आता चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मीच जाते. माझी पोरं पुण्याची. त्यांना विचारलं गाव कुठलं, तर नुसतं "मुळशीकडचं" म्हणतात आणि सिनेमाला पळतात. मला मात्र कुणी घर कुठं विचारलं की आधी तोंडाला कुलूप लागायचं. खानावळीला घर म्हणवत नाही, माण मामाचं, चांदिवळ्यातलं आमचं जोतं तर मला या जन्मी दिसणार नाही. आता मी सांगते. माझं घर तिथं आहे जिथं मला दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला लागतं. एवढं ओझं जिथं असतं, ती जागा परकी कशी म्हणायची?

म्हणून हे लिहिलं. वरच्या आळीच्या माणसांनो, तुम्ही मुंबईत असा, कोकणात उतरलेले असा, कुठंही असा. सदूभाऊ तुमचे पत्ते शोधतोय, आतापर्यंत त्याला दोन घरं सापडली. पालखीचा पहिला खांदा तुमचाच, घ्या बाबांनो, पालखी उरली आहे का आता! अक्षय्य तृतीयेच्या रविवारी या. तुमची जोती आम्ही चुकून का होईना, राखली आहेत. आणि तुमच्यात भागूबाई असेल, किंवा तिचं कुणी असेल, तर भांडणतंटा राहू द्या, मानपान राहू द्या, येणं जमलं नाही तरी चालेल. एक कार्ड टाका. तुमच्या त्या पोरीचं नाव काय होतं, तेवढं कळवा. तिला आम्ही सहा उन्हाळे नुसतीच "बाय" म्हणून जेवायला बोलावतोय असं मी लिहिणार होते, पण आईनं नकळत तिला जेवू घातलेले आधीचे पाच मोजले तर अकरा झाले.