वडील काशीला गेले नव्हते

माझे वडील काशीत वारले, असं गाव अजून सांगतं. भाग्यवान म्हणतं. ती थाप माझी होती. आता माझेही दिवस भरत आलेत, तेव्हा खरं ते लिहून ठेवतो.

विलायतेत कापसाची तंगी पडली आणि आमच्या अकोटाकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हाची गोष्ट. बैलांची शिंगं चांदीनं मढवून मिरवणाऱ्या मूर्खांत मीही होतो. त्याच सुमारास वडील लांबलेल्या हगवणीतून उठले, पण त्यानंतर त्यांना शौचाचा वेग धरवेना. बसल्या जागी धोतर भरे.

अमरावतीच्या नामांकित वैद्यानं अफूच्या गोळ्या दिल्या. चार दिवस पोट गच्च, पाचव्या दिवशी नुसता पाझर. त्यालाच तो शहाणा 'गुण आला' म्हणाला. दुसऱ्यानं तापल्या सळईनं बेंबीभोवती डाग दिले आणि वर मागच्या जन्मीचं पाप सांगितलं. दोघांनाही मी शेले पांघरले.

घरी कापसाचे दलाल येत. त्यांना वास येऊ नये म्हणून वडिलांना मी लांबच्या शेतातल्या झोपडीत ठेवलं आणि गावात सांगितलं, काशीला गेले.

तिथं त्यांच्याकडे पाहिलं ते एका म्हाताऱ्या सुइणीनं. बाळंतपणात फाटलेल्या बायकांना ती जे शिकवी, तेच तिनं त्यांना शिकवलं.

"अफू फेका, पाटील. सकाळी कोमट पानी प्या, रोज एकाच वक्ती बसा. आन वारा अडवतो ना आपन, तसं खालून आवळून धरा, दिवसातून लय खेपा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी मूठभर कापूस द्या. लंगोटात घालाले."

"त्याचा भाव ठावं हाय का तुले?"

"तुमच्या बापाचा काय भाव हाय, ते सांगा."

मी चिंध्या पाठवल्या.

काही महिन्यांत वडील पुष्कळ सावरले. मी गंगाजलाची लोटी घेऊन गेलो. "चला बाबा, काशीहून परतले म्हणून सांगतो. मावंदं घालतो, गाव जेवू घालतो."

"तुले वास आला म्हून मी काशीले गेलो," ते म्हणाले. "आता लोकायले सांग, तिकडंच मेला."

मी तेच सांगितलं. तेरवीला गाव जेवलं, तेव्हा वडील झोपडीमागे वांग्यांना पाणी घालत होते.

ते आणखी दोन पावसाळे जगले. खरोखर गेले, तेव्हा खांद्याला कुणाला बोलावणार? मी आणि ती सुईण, दोघांनीच त्यांना त्या चांदीच्या शिंगांच्या बैलांच्या गाडीतून नाल्याकाठी नेलं. चितेवर ठेवण्याआधी तिनं त्यांचं धोतर चाचपून पाहिलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली.