दूध संघाच्या हौदातला समुद्र

"साहेब, खाली समुद्र हाय. मोती वर यायलेत," दूध संघाचे चेअरमन म्हणाले आणि माझ्या तळहातावर पांढऱ्या गोळ्या ठेवल्या. साबुदाण्याएवढ्या, गुळगुळीत.

मी भूजल खात्यात भूवैज्ञानिक होतो. दुष्काळाचं साल. नांदूरघाटजवळच्या त्या गावात पाणी उरलं होतं ते फक्त संघाच्या बोअरला. पाइपातून ते उंचावरून हौदात पडायचं आणि अख्खं गाव तिथेच घागरी भरायचं. गोळ्या त्या धारेखालीच सापडल्या होत्या.

एक गोळी फोडून लेन्सखाली धरली. कांद्यासारखे पापुद्रे, मधे काळ्या वाळूचा कण. भोवती घागरीवाल्या बायका जमल्या होत्या, म्हणून सोपं करून सांगितलं. पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाणी आपटलं की त्यातला वायू उडतो आणि चुना कणावर बसतो. कण लोळत राहतो, म्हणून थर सगळीकडून चढतो. उथळ समुद्रात लाटांमुळे अशाच गोळ्या बनतात, त्यांना ऊइड म्हणतात. लोळणं थांबलं की त्या चिकटतात, फटींत चुना भरतो आणि दगड होतो. तो लाखो वर्षं टिकतो.

एवढ्या भाषणातून चेअरमननी एकच शब्द उचलला, समुद्र. लगेच मंत्र्यांना आमंत्रण गेलं. मोती टपोरे व्हावेत म्हणून मोटर रात्रंदिवस सुरू. हौद भरून पाणी गटारात.

"मोटर बंद करा, बोअर जाईल," मी म्हणालो.

"बंद कावून? लोळनं थांबलं की चिकटतेल, तुमीच म्हन्लात की."

माझंच शास्त्र माझ्याच गळ्यात. लई संताप आला, पण त्यांचे हात वरपर्यंत पोचलेले होते.

रांगेतल्या हलीमाभाभींनी मला विचारलं, "साहेब, हे मोती शिजतेत का?"

मंत्री यायच्या आधीच मोटरनं नुसती हवा ओकली. बोअर आटला. टपोऱ्या गोळ्या तर जड होऊन केव्हाच लोळायच्या थांबल्या होत्या. हौदाच्या तळाला त्यांची लादी झाली होती. मंत्र्यांसमोर चेअरमन एक मोती उचलायला वाकले. निघेना. पहार येईपर्यंत मंत्री हार घालून घेऊन पुढच्या गावी गेले.

तेव्हापासून चेअरमन लोकांना मी शास्त्र सांगत नाही. मोटर बंद करा, एवढंच म्हणतो. तेही ते ऐकत नाहीत.

नंतर गावाला टँकर सुरू झाला. टँकरच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत, घरटी एक दगड नंबराला ठेवतात. एकदा पाहिलं, तर हलीमाभाभींचा नंबर म्हणजे त्या लादीचा तुकडा.

"लाखो वर्षं टिकतो म्हन्लात ना साहेब," त्या म्हणाल्या. "तवर येईल टँकर."