माहपरीकाकू पुस्तकात गेली त्याची गोष्ट

माहपरीकाकूला रडताना आमच्या वस्तीत कुणी पाहिलं नाही. दुसरा मुलगा तिला स्थलांतराच्या वाटेवर खिंडीतच झाला. दिवस कलायच्या आत त्याला पाठीशी बांधून ती मेंढ्यांच्या पुढे होती. काका अजून ती गोष्ट सांगताना डोळे पुसतो.

तंबूतल्या शाळेतल्या गोष्टींच्या पुस्तकांत मात्र आम्हा भटक्या लोकांतली बाई कायम झऱ्याकाठी बसलेली. घागर शेजारी, नजर पाण्यात, आणि उसासे. नातीनं, आयलारनं, विचारलं, "आजी, ही बाई आपल्यातली आहे?" काकूला ते लागलं.

म्हणून शीराझ शहरातून फरानक खानम, म्हणजे फरानकबाई, मुलांच्या नव्या पुस्तकासाठी चित्रं काढायला आली, तेव्हा काकूनं होते तेवढे घागरे एकावर एक चढवले आणि खेचरावर खोगीर कसलं. त्याच दिवशी तंबू उतरवून पुढच्या मुक्कामाला निघायचं होतं.

"मला खेचरावर काढ. नातीनं मला ओळखलं पाहिजे."

"खेचर नको, खानम," फरानक म्हणाली. "झऱ्याशी बसा. जरा उदास."

"उदास कशाला? नवरा जिवंत आहे."

"त्याच दुःखानं बस की," काका म्हणाला.

पाहुणीला नाही म्हणता येत नाही. काकू बसली. कागदावर जी बाई उतरली तिच्या डोळ्यांत अख्खं तळं होतं, गालावर एक थेंब. काकू बराच वेळ बघत राहिली. आता शिव्या पडणार, असं मला वाटलं.

"वा!" ती म्हणाली. "काय पापण्या! काय बोटं, जन्मात कणीक न मळलेली! असं चित्र मी पाहिलंच नाही गं."

फरानक लाजली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "तुमचंच आहे, घ्या."

अशा वेळी नको म्हणायचं असतं. समोरच्यानं पुन्हा द्यायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि वस्तू जिथल्या तिथे राहते. आमची सगळी सभ्यता या नकारावर उभी आहे.

"देव तुझं भलं करो," म्हणत काकूनं चित्राची घडी घालून कमरेला खोचली.

फरानकचा हात तसाच हवेत राहिला.

"अगं, नको म्हण!" काका कुजबुजला.

"पाहुणीचा शब्द मोडू? एवढी बेशरम नाही मी."

तोवर शेवटचा तंबू उंटावर चढला होता. काकू खेचरावर बसली. फरानक कोरा कागद घेऊन मागे धावली. "थांबा ना, खानम! दुसरं काढते!"

"मेंढ्या थांबतात का? ये, बस मागच्या खेचरावर."

पुस्तक पुढच्या हिवाळ्यात आलं. पानभर एक रुंद पाठ, फुगलेले घागरे, पलीकडे खेचराचे दोन कान आणि डोंगर.

"तोंड कुठंय माझं?" काकू तडकली.

आयलारनं चित्रावर बोट ठेवलं. "आजी! तूच आहेस ही. वाटेत मला तू अशीच तर दिसतेस."

काकूनं पुस्तक हिसकावून पुन्हा पाहिलं. मग ते घेऊन ती शेजारच्या तंबूत दाखवायला गेली.