हार बांधण्याआधी घर विचारणारे नत्थूजी बनकर

नत्थूजी बनकर यांची माझी ओळख एका पोत्यामुळे झाली. भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कार्यालये उघडत होती, रोज कुठे ना कुठे फीत कापली जात होती आणि हारांना मागणी होती. आमगावजवळच्या आमच्या खेड्यात धानाच्या बांधावर मी झेंडू लावला होता. तो पोत्यात दाबून भरला, पोत्याचे तोंड सुतळीने शिवले आणि सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला आणून बाजारातल्या सर्वांत जुन्या फुलांच्या दुकानासमोर उतरवला. नत्थूजींनी पोते उसवून आत हात घातला. मधली फुले चटका बसावा इतकी गरम झाली होती.

"हे का धान होय का बे?" ते म्हणाले. "काऊन कोंबलास पोत्यात? धान दम धरते, फूल नाही धरत."

दुकानातली गिऱ्हाइके हसली. मी मान खाली घालून उभा राहिलो. नत्थूजींनी मात्र मला परत पाठवले नाही. वापरण्याजोगी फुले त्यांनी स्वतः वेचली, टोपलीत ओले फडके कसे अंथरायचे ते दाखवले आणि चहा मागवला. पुढची नऊ वर्षे मी त्यांच्या शेजारी बसून हार बांधायला शिकलो. आज त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे आणि मला चार शब्द लिहायला सांगितले आहेत. हे शब्द आनंदाचे असायला हवेत, याची मला जाणीव आहे. पण येत्या चैत्रात नत्थूजींचे दुकान बंद होणार आहे आणि ते चालवायला कोणी पुढे आलेले नाही. हे बाजूला ठेवून मला लिहिता येत नाही.

नत्थूजींच्या कामाची रीत अशी की ऑर्डर आली की ते सुई उचलण्याआधी विचारत, "कोणासाठी? घरी काय आहे?" बौद्ध विहारातल्या लग्नाचा हार वेगळा, पोवार समाजातल्या घरचा वेगळा. नवरदेव उंच आहे की ठेंगणा, हेही ते विचारत. एकदा एका कार्यालयाचा शिपाई घाईत आला. "साहब के लिए एक बढ़िया हार दो."

"आनेवाले साहब कि जानेवाले?" नत्थूजींनी विचारले.

"जानेवाले. छुटकारा मिला समझो."

"तो शेवंती ले जा. ये हार वो घर ले जाएगा, दो दिन टिकना चाहिए. आनेवाले का तो कुर्सी पर ही सूखता है."

शिपाई हसत हसत शेवंती घेऊन गेला. मला तेव्हा हा नुसता विनोद वाटला होता. पुढे कळले की नत्थूजी दिवसभर हेच करत असत. फूल कोणाच्या हातात जाणार, याचा विचार केल्याशिवाय त्यांचा दोरा पुढे सरकत नसे. देवळाच्या हारालाही ते तितकाच वेळ देत आणि तो बांधताना बोलत नसत. मी देवभोळा माणूस आहे, पण काम करता करता नमस्कार कसा होतो ते मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

मग त्यांच्याच आशीर्वादाने मी स्टेशनच्या रस्त्यावर छोटेसे दुकान टाकले. त्याच सुमारास इंटरनेटवरून फुले पाठवण्याची पद्धत आमच्याकडेही येऊन पोचली. दूरच्या शहरात बसलेली एखादी कंपनी गिऱ्हाइकाकडून ऑर्डर घेते, आपला वाटा कापते आणि इथल्या दुकानदाराला एक फोटो व एक पत्ता पाठवते. फोटोत दिसतो तसाच बुके पोचला पाहिजे. फोटोतली लिली आणि जरबेरा आमच्याकडे पिकत नाहीत. नागपूरहून गाडीने येतात, आणि गाडीला उशीर झाला की माना टाकतात. कंपनीला गाडी ठाऊक नसते. इंटरनेटवर गोंदियाच्या नावाची अशीही दुकाने दिसू लागली, ज्यांचे गोंदियात एक फळकूटही नव्हते.

अशाच एका ठिकाणाहून आलेला सुकलेला बुके घेऊन एक बाई नत्थूजींच्या दुकानात आल्या. "भैया, शरम नहीं आती? मेरी बेटी को ये भेजा आपने?"

तो त्यांनी पाठवलेला नव्हता. तरी ते म्हणाले, "बैठो दीदी," आणि ताज्या गुलाबांचा दुसरा बुके करून दिला. मी तिथेच होतो. बाई गेल्यावर मी चिडून विचारले, "आपला नव्हता, मंग काऊन दिला?"

"त्यावर गोंदियाचं नाव होतं ना," ते म्हणाले. "मंग आपलाच."

पुढच्या वर्षी त्याच बाईंच्या मुलीला पुन्हा कंपनीचाच बुके गेला. मला हे ठाऊक आहे, कारण तो मीच बांधला होता. दुकान चालावे म्हणून मी कंपनीच्या यादीत नाव घातले होते. गावातल्या बहुतेकांनी घातले होते. शेवटी नत्थूजींनीही घातले, पण विचारण्याची सवय त्यांना सोडता आली नाही.

त्या सवयीपायी जे घडले ते मला इथे सांगितलेच पाहिजे. आमच्या शहरात एक निवृत्त मास्तर होते. ते एका पहाटे वारले. त्यांच्यासाठी हार नत्थूजींनीच बांधला आणि घरी पोचवला. नत्थूजी दुकानात परतले तोच कंपनीचा फोन आला. बारा लाल गुलाब, सोबत वाढदिवसाचे कार्ड, आणि पत्ता त्याच घराचा. मास्तरांचा मुलगा बंगळुरास होता. त्याने वडिलांच्या वाढदिवसासाठी दोन दिवस आधी ऑर्डर देऊन ठेवली होती. निरोप मिळताच तो गावाकडे निघाला असणार, आणि अशा वेळी फुलांची आठवण कोणाला राहील?

"उस घर में आज ये नहीं जाएगा," नत्थूजी म्हणाले. "भेजनेवाले से बात कराओ."

"सर, कस्टमर का नंबर हम नहीं दे सकते. डिलिवरी करेंगे या कैंसल करूँ?"

त्यांनी कॅन्सल करायला सांगितले. कंपनीने तीच ऑर्डर माझ्याकडे वळवली. मी फोटो पाहिला, पत्ता पाहिला, बुके बांधला, चकचकीत कागदात गुंडाळला आणि सायकलला लावून निघालो. कोणासाठी, घरी काय आहे, हे मी विचारले नाही. विचारणार तरी कोणाला?

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा समोर माणसे चटयांवर बसली होती आणि तिरडी बांधली जात होती. माझ्या हातात लाल गुलाब आणि वाढदिवसाचे कार्ड होते. मी तिथेच थांबलो. अंत्ययात्रेसाठी परत आलेले नत्थूजी माणसांमधून उठून आले. त्यांनी बुके माझ्या हातातून घेतला आणि पाठीमागे धरला. तेवढ्यात माझा फोन वाजला. "सर, रिसीव्हर के साथ एक फोटो भेजिए, तभी डिलिवरी पूरी मानी जाएगी." आवाज शेजारीही ऐकू जात होता. नत्थूजींनी फोन घेतला.

"बेटी, लेनेवाला सो गया है. अब नहीं उठेगा."

"तो सर, घर में किसी और के साथ..."

त्यांनी फोन बंद करून मला दिला. "तिची चूक नाही," ते म्हणाले. "तिच्यापुढे नुसता पत्ता आहे." मला मात्र पत्त्यापुढचे विचारायला त्यांनीच नऊ वर्षे शिकवले होते. ते त्यांनी बोलून दाखवले नाही. एवढेच म्हणाले, "पाणी पी, हात धू, अन् खांदा द्यायले चाल."

मग भिंतीच्या आडोशाला बसून त्यांनी बाराही गुलाबांच्या पाकळ्या एका टोपलीत मोकळ्या केल्या. मुलगा दुपारी पोचला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, "बाबू, तू धाडलेले फुलं आले. बाबाले तूच वाहा." तोवर तो मुलगा रडला नव्हता.

ऑर्डर नाकारली म्हणून कंपनीने नत्थूजींचे नाव यादीतून काढले, आणि फोटो पाठवला नाही म्हणून माझेही. त्या मुलाला यातले काही ठाऊक नाही. पुढे मी दुकान बंद केले. आता मी तिरोड्याच्या वीज प्रकल्पात ठेक्यावर बगीच्याचे काम करतो. तिथे फुले तोडायला मनाई आहे. नत्थूजींच्या दुकानाचा अर्धा भाग मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याकडे गेला. उरलेल्या अर्ध्यात ते बसतात. लग्नाचे हार आता सजावटवाले नागपूरहूनच घेऊन येतात. पोरे फोनवर बोट ठेवतात आणि फुले कुठून येतात ते त्यांना कळतही नाही. दुकानाची जागा भाड्याची आहे आणि मालकाने ती रिकामी करायला चैत्रापर्यंतची मुदत दिली आहे.

गेल्या दिवाळीनंतर नत्थूजींनी मला बोलावून घेतले. "गादीवर बसतोस का? पोरं नाही म्हणतात. तू बसशील तर मालकाशी मी बोलतो. मी बाजूले बसून सांगत जाईन."

"भाऊ, बसून काय करू? गिऱ्हाईक कुठून आणू?"

त्यांनी हातातला अर्धा हार मांडीवर ठेवला. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मले वाटलं, विचारून पाहावं."

त्यांनी मला सर्व शिकवले आणि एकदाच काही मागितले. ते मी देऊ शकलो नाही. कितीही हिशोबाने विचार केला तरी माझे उत्तर तेच येते, आणि तरी रोज पूजेला बसल्यावर मला त्यांचे ते "विचारून पाहावं" आठवते.

या ग्रंथाच्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी नत्थूजींसाठी दीर्घायुष्य मागावे. मीही मागतो. त्यांचे गुडघे फार दुखू नयेत, डोळ्यांना सुईचे भोक दिसत राहावे, सूनबाईंच्या हातची भाकरी त्यांना पचावी. दुकानासाठी मागणे मी सोडले आहे. मात्र चैत्रात ज्या दिवशी ते शटर शेवटचे खाली ओढायचे असेल, त्या दिवशी नत्थूजींना एकट्याने वाकावे लागू नये. मी तिरोड्याहून सकाळच्याच गाडीने निघेन.