पातूरची वाट

परदेशीण मावशी आपलं लुगडं कधी दोरीवर वाळत घालत नसे. मोर्णा नदीवर अर्धं नेसून अर्धं धुवायची आणि तसंच ओलं गुंडाळून घरी यायची. आम्ही हसायचो. ती म्हणे, "दोरीवर रायलं अन् पयावं लागलं, तं काय नेसू?"

उत्तरेकडची म्हणून परदेशीण. सत्तावनच्या गदरानंतर एकटीच चालत अकोल्याला आली होती. जुन्या शहरात आम्हा माळ्यांच्या घरी ओसरीवर राहायची आणि चरकीवर कापसातली सरकी काढायची. आमची बोली तिनं अशी उचलली होती, की नवखा माणूस तिला वऱ्हाडातलीच समजे. झोपेत मात्र मुलखाचा हेल निघे.

वाफा दिला तर मेथी नाहीतर कोथिंबीर पेरायची. वांगी लाव म्हटलं, की माझ्या सासूबाईंना म्हणे, "वांगे येईपावतर मी असन का इथं?"

"कुठी जातं वं? खाटेले बांधून ठेवीन तुले."

ती हसे, पण दाराकडं पाहून. कडी वाजली की तिची चरकी थांबे. गोऱ्यांना भीत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. साहेबाचा शिपाई समोरून गेला तरी तिची चरकी चालूच असे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग विलायतेला आमच्या कापसाची गरज पडली आणि लांबलांबचे गाडीवान बाजारात उतरले. मी नवी सून, भाजी विकायला बसायची. एकानं पाणी मागितलं. हेल मावशीच्या झोपेतला. तिला आनंद होईल म्हणून मीच सांगितलं, तुमच्याकडची एक बाई आमच्या घरी असते. घरही सांगितलं.

घरी येऊन म्हटलं, "मावशी, तुमच्या मुलखाचा मानूस भेटला. दिवस बुडाच्या आत येतो म्हने."

"पानी पेताना त्यानं डोये मिटले का?"

"हो."

तिनं चरकीचा दांडा सोडला. "माहा नवरा हाय तो. गोऱ्यायनं त्याच्या गयात फास टाकला होता. माहा दीर कनगीत लपला होता. म्या कनगी दाखवली. दिराले फाशी देलं, याले सोडलं. घरी आला तं यानं पयले कोयता घेतला."

सासूबाईंनी लगेच पेटी उघडली. आपलं एक लुगडं दिलं आणि मोर्शीला निघालेल्या भाच्याच्या गाडीत सरकीच्या पोत्यांमागं तिला बसवलं. मी गाडीशी उभी होते. मावशी म्हणाली, "तुयी चुकी नाही, पोरी. पानी तं कोनीबी देते."

तो आला तेव्हा हातात काही नव्हतं. ओसरीवर बसला, चरकीवरून हात फिरवला. मला म्हणाला, "बहेन, माँ ने भेजा है. उसे घर ले जाने आया हूँ." त्याचे डोळे भरले होते. खरंही असेल; मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती कुठं गेली, असं त्यानं विचारलं. मी हात वर करून उलटीकडची, पातूरची वाट दाखवली.