बिनसाखरेचा साखरपुडा

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात साखर नव्हती.

यात हलवायाचा दोष नाही, वाण्याचा नाही, साखर महाग झाली होती असंही नाही. हे मी केलं. पूर्ण शुद्धीत, सकाळची प्रार्थना करून, शास्त्राचा आधार घेऊन केलं!

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि आमच्या मंडळीत 'वडील' आहे. (वडील हे चर्चमधलं पद आहे. कारभारात ज्याचं मत आदराने विचारतात आणि तितक्याच आदराने बाजूला ठेवतात, तो वडील.) वर्गात काय किंवा चर्चमध्ये काय, माझं बोलणं चालू असताना समोरच्यांना उठून जाता येत नाही. त्यामुळे लोकांना माझं बोलणं आवडतं, असा माझा बरीच वर्षं समज होता.

झालं असं, की डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "साखर काठावर आहे. गोड कमी करा, भात कमी करा, रोज चालत जा."

बस, एवढंच! माझी बायको सुनंदा हे ऐकून म्हणाली, "बरं, उद्यापासून चहात साखर अर्धी." तिच्यासाठी विषय संपला. मला मात्र हुडकेश्वरला घरी परत येताना स्कूटरवरच साक्षात्कार झाला. शरीर हे देवाचं मंदिर आहे! मग या मंदिरात आपण काय भरतोय? समोसे! चालायला जाणं मला काही जमणार नव्हतं (गुडघे), पण इतरांना सुधारणं जमण्यासारखं होतं. त्याला गुडघे लागत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी घरच्यांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, त्या चार तरुणांची गोष्ट सांगितली. परक्या राजाच्या महालात राहूनही त्यांनी राजाच्या ताटातलं मांस आणि मद्य नाकारलं, नुसती डाळभाजी आणि पाणी घेतलं, आणि शेवटी त्यांचेच चेहरे सगळ्यांत टवटवीत निघाले.

"मग? कोणाचा चेहरा टवटवीत आहे आपल्या घरात?" मी विचारलं.

आमच्या सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्या आमच्याकडेच राहतात. माहेर उमरेडचं, कोष्ट्यांच्या आळीला लागून. शेजारच्या विणकर बायकांकडून त्या लहानपणीच मटण शिकल्या. तो लाल रस्सा, वर बोटभर तर्री, घास घेतला की कानातून वाफ! त्यांनी लसणावरची नजर न काढता विचारलं,

"जवाईबापू, शरीर मंदिर होय म्हणता ना?"

"हो! मंदिर!"

"मग दिवसभर घंटा काहून वाजवून राहिले?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. संदेष्ट्यांना घरचा विरोध व्हायचाच. घरातून मैदा गेला, साखर गेली, तेल चमच्याने मोजून येऊ लागलं. शेजारचे वामनराव घरी आले तर त्यांनाही मी चहाऐवजी मेथीचं पाणी दिलं. वामनरावांची रामटेककडे धानाची शेती आहे, स्वभाव मोठा गोड. ते अर्धा घोट घेऊन म्हणाले, "छान आहे सर. आता येतो मी. बैल आजारी आहे." (ते ट्रॅक्टरने शेती करतात.)

अशा पवित्र काळात आमच्या रिबेकाचं लग्न जमलं. मुलगा अभिषेक, भंडाऱ्याचा, सज्जन. घरात आई, वडील, एक आत्या, आणि आजोबा. हे आजोबा निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. साखरपुडा रविवारी उपासनेनंतर आमच्या घरी करायचा ठरला, आणि मी जाहीर केलं की जेवणाचा बेत मी ठरवणार.

"सुनंदा, ही संधी आहे! नुसतं जेवण नाही, साक्ष होईल साक्ष! भंडाऱ्यापर्यंत नाव जाईल!"

"नाव तं जाईनच," सुनंदा म्हणाली. "पोरीचं लग्न राहीन का, ते पाहा. अहो, ते लोक येऊन राहिले मटण खायले. त्यांच्या आत्याबाईंनं दोनदा फोनवर विचारलं मले, 'आई उमरेडच्या ना तुमच्या?' याचा अर्थ समजते का तुमाले?"

"समजतो. ते अंधारात आहेत."

रिबेका रडकुंडीला आली. "पप्पा, निदान एक गोड तरी ठेवा ना!" मी उदार मनाने बिटाची खीर मंजूर केली. बिनसाखरेची.

सासूबाईंनी मात्र विरोध केला नाही. उलट म्हणाल्या, "तुमी म्हणान तसं, जवाईबापू." लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. त्याच क्षणी मी घाबरायला पाहिजे होतं. मी विरघळलो.

रविवारी भंडाऱ्याची मंडळी आली. आमचे तरुण पाळकसाहेबही उपासना आटोपून आले. स्वागताला हिरवागार रस, काचेच्या उंच पेल्यांत, वर पुदिन्याचं पान. सगळ्यांना वाटलं पुदिन्याचं सरबत. अभिषेकने भावी सासऱ्याकडे बघून हसत मोठा घोट घेतला.

कारल्याचा होता.

बिचारा! सासुरवाडीच्या सोफ्यावर थुंकता येईना आणि गिळता येईना. गाल फुगवून तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, गहिवरला.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. आणि आली साखरपुड्याच्या पुड्याची वेळ. चंदेरी कागदाचा, मोत्यांच्या माळा लावलेला, सीताबर्डीहून मुद्दाम आणलेला उभा पुडा. अभिषेकच्या आईने तो उघडला, सुनेचं तोंड गोड करायला आत बोटं घातली आणि थांबली. बोटं बाहेर काढून तळहातावर पाहिलं. मग नणंदेला दाखवलं.

"जवस आहेत," मी अभिमानाने म्हणालो. "भाजलेले. हृदयाला उत्तम!"

आत्याबाई तळहाताकडे बघत म्हणाल्या, "पेरायले देल्ले का? आमच्याकडं तं वावर नाही, बाप्पा!"

रिबेकाच्या तोंडात चार जवस गेले. ते चावताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मागून आत्याबाईंची कुजबुज आली, "वहिनी, पोरगी चांगली आहे, पण बापाचं वळण असलं तं आपल्या अभ्याले रोज कारलं प्या लागीन वं! अजून नाही म्हणता येते आपल्याले. पाहा बा!"

मी ते ऐकलं आणि मला काय वाटलं असेल? भीती? छे! मला वाटलं, यांना नीट समजावून सांगायची गरज आहे.

ताटं वाढली गेली. उकडलेला दुधी, मोड आलेली मटकी, पालक, ज्वारीची भाकरी. मीठ बेताचं, तेल नावाला. आणि ताटांपुढे उभा राहून मी बोलायला सुरुवात केली. शास्त्रातले आहाराचे नियम, रवंथ करणारी जनावरं, खवले असलेले मासे, मग चार तरुण, मग यकृत.

यकृतावर होतो तेव्हाच कुठूनतरी वास आला. भाजलेलं खोबरं, खसखस, काळा मसाला. मी दचकलो. पण वाटलं, मोह आहे. अशा वेळी मोह येतोच.

पहिल्यांदा अभिषेक उठला. "पप्पा, रेंज नाही इथं. एक कॉल करून येतो." मग त्याचे वडील. "वामनरावांच्या गच्चीवर गुलाब आहेत म्हणे. पाहून येतो जरा." मग आत्याबाई आणि अभिषेकच्या आई, त्यांना उन्हात बसायचं होतं. आमचा मेव्हणा लहान पोराला कडेवर घेऊन म्हणाला, "याले चंद्र दाखवून आणतो."

भर दुपारी!

पाळकसाहेबांनी निदान डोळे मिटले होते. मला वाटलं मनन करताहेत. पुढचा मुद्दा (आतडी) मांडून मी मान वर केली, तर खुर्ची रिकामी. सुनंदा नाही. रिबेका नाही. सासूबाई तर जेवणाच्या आधीपासूनच दिसल्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी आणि भंडाऱ्याचे आजोबा, दोघेच. आजोबा काठीवर हनुवटी टेकून एकटक माझ्याकडे बघत होते. माझा ऊर भरून आला. चला, एक तरी खरा श्रोता!

"आबा, तुम्हाला पटतंय ना?"

"झालं का तुमचं?"

"थोडंसं राहिलं आहे."

"मग ऐका," आजोबा म्हणाले. "तोंडात जे जाते त्यानं माणूस बिघडत नाही. तोंडातून जे निघते त्यानं बिघडते. हे प्रभूनं सांगितलं. तुमच्या तोंडातून मघापासून किती निघून राहिलं, पाहा ना!"

मी बसायला खुर्ची ओढली.

"आता मले हात द्या. हे लोक मले इथंच सोडून पळाले. गुडघे नाही चालत ना, नाहीतर मी तुमच्या यकृताच्या आधीच गेलो असतो."

"कुठे जायचंय आबा?"

"गच्चीवर. प्रेषिताले भूक लागली तेव्हा तो गच्चीवरच होता. तिथंच त्याले दर्शन झालं, आकाशातून चादर उतरली आन् चादरीत सगळी जनावरं. 'ऊठ, मार आन् खा.' तुमी चार पोरांवर अडकले. पुढचं वाचलंच नाही वाटते?"

मी वडील आहे. पुढचं वाचलेलं होतं. सोयीचं नव्हतं म्हणून सोडलं होतं.

आजोबांना धरून मी वामनरावांचा जिना चढलो. आणि वर काय दर्शन! सतरंज्यांवर सगळे साक्षीदार ओळीने बसलेले. मधोमध चुलीवर भला मोठा गंज, त्यात रटरटणारं मटण, आणि गंजाशेजारी पदर खोचून, हातात डाव घेऊन सासूबाई! पाळकसाहेबांच्या हातात मटणाची नळी होती. मला बघून त्यांनी ती लपवायचा प्रयत्न केला, पण नळी लपत नाही.

"वडीलसाहेब, प्रार्थना करूनच घेतलं," ते म्हणाले.

वामनराव भाकरी वाढत फिरत होते. त्यांचं स्वतःचं ताट कुठे दिसेना.

"तुम्ही नाही बसलात?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"संकष्टी आहे ना आज, सर. चंद्र निघाल्याशिवाय मी काही खात नाही."

"अहो, उपवासाच्या दिवशी तुमच्या गच्चीवर मटण? चालतं तुम्हाला?"

"माह्या उपवासाले वास नाही लागत गा सर," ते हसले. "आन् उपवास मी धरला. पाहुण्यायनं थोडीच धरला?"

मी मनातल्या मनात सगळं शास्त्र चाळलं. (वचन सापडलं असतं तर ऐकवलं असतं, माझा स्वभाव तुम्हाला कळला असेलच.) आजोबांना भिंतीला टेकवून बसवलं. त्यांनी वाटी घेतली, एक तुकडा खाल्ला, दोन चमचे रस्सा घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"बस, आबा? आवडलं नाही?"

"लय आवडलं. मले साखर आहे, बीपी आहे. वीस वर्षं झाली, एवढंच खातो."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"काहून सांगू? ते जेवून राहिले ना!"

तेवढ्यात वामनरावांच्या सौभाग्यवती खालून साखरेचा डबा घेऊन आल्या. अभिषेकच्या आईने चंदेरी पुडा वरच आणला होता. जवस गच्चीवरच्या चिमण्यांना गेले, पुड्यात साखर आली आणि रिबेकाचं तोंड दुसऱ्यांदा, या वेळी खरोखर, गोड झालं. आत्याबाई बोटं चाटत म्हणाल्या, "वहिनी, लग्न पक्कं बरं का! पोरीनं आजीचा हात घेतला असन तं बापाचं तोंड चालून जाते."

आता मी काय करावं? रागाने खाली उतरून उकडलेल्या दुधीशेजारी एकटा बसू शकलो असतो. तत्त्वाला धरून तेच बरोबर होतं. मी दोन पावलं वळलोही. तेवढ्यात सासूबाईंनी डाव गंजात घालून वर उचलला आणि तर्रीवरून ऊन चमकलं.

"जवाईबापू, अर्धी वाटी देऊ? डॉक्टरनं मटण नाही बंद केलं. मी विचारून आली होती."

मी बसलो. अर्ध्या वाटीने सुरुवात झाली. शेवट कशाने झाला ते मी सांगत नाही, कारण डॉक्टर मराठी वाचतात. आजोबा सगळा वेळ माझ्या वाटीकडे शांतपणे बघत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. मला त्यांचं भाषण परवडलं असतं.

पुढे लग्न थाटात झालं. त्याची कामं वाटायला घरात बैठक बसली, तेव्हा जेवण सासूबाईंकडे गेलं, गोडाचं वामनरावांकडे, आभाराचं भाषण पाळकसाहेबांकडे. नवरीचा बाप म्हणून मलाही काहीतरी द्यायला हवंच होतं, म्हणून सर्वांनी एकमताने मला पिण्याच्या पाण्यावर नेमलं.

लग्नाच्या दिवशी मी पिंपाशेजारी दिवसभर उभा होतो, आणि सासूबाई दर थोड्या वेळाने येऊन, पाहुण्यांना देण्याआधी, पाण्याचा एक घोट स्वतः पिऊन बघत होत्या.