प्रभूचा कोंबडा

"मला अजिबात वेळ नाही," असं म्हणून सर मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, झालं, आता हे आपल्याला वाटेला लावणार. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं, घड्याळ खिशात गेलं म्हणजे काम झालं. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "हातात असलं की सारखी नजर जाते, आणि मग समोरच्या माणसाचा राग येतो. खिशात असलं की राग येतोच, पण नेमका किती वेळचा ते कळत नाही."

तुम्हीही एखादा परोपकारी माणूस पाहिला असेल. अशी माणसं बहुधा हसतमुख असतात, त्यांच्याकडे नुसतं बघूनच बरं वाटतं. आमच्या सरांकडे बघून कुणालाही बरं वाटल्याचं मला आठवत नाही. कपाळाला आठ्या घालून, पुटपुटत, चरफडत दया करणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

सेलूच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच, त्यामुळे शाळेनं त्यांना 'फादर' करून टाकलं होतं. बायको आणि दोन मुलगे असलेला माणूस फादर कसा असेल, हे त्यांनी पहिल्या वर्षी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. पुढे नाद सोडला.

त्या काळात तारा इंग्रजीत यायच्या. तार आली की घरात वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची आणि मग कुणीतरी ती घेऊन सरांकडे धावायचं. वेळ ठरलेली, रविवार सकाळ. रविवारी सरांना पॅसेंजरनं परभणीला जायचं असायचं, उपासनेला. कोट चढवून ते दाराबाहेर पाऊल टाकणार, तोच समोर तार घेतलेला माणूस. "मला अजिबात वेळ नाही." घड्याळ खिशात. मग ते त्या माणसाला आधी बसवायचे, पाणी द्यायचे, तार स्वतःशी वाचायचे आणि नंतर सांगायचे. बातमी वाईट असली तर घरापर्यंत सोबत जायचे. एकदा एका बाईच्या तारेत मुलाला नोकरी लागल्याची बातमी होती. तिलाही आधी पाणीच दिलं. तिनं पाणी बघूनच हंबरडा फोडला, आणि नोकरीची बातमी तिच्या कानापर्यंत पोचेस्तोवर पॅसेंजर मानवतच्या पुढे गेली होती.

थोडक्यात, देवावर एवढी श्रद्धा असलेला आणि देवळात इतका कमी पोचलेला माणूस दुसरा नसेल. मी चिडवायचो, "सर, तुमचा येशूच तुम्हाला चर्चमध्ये येऊ देत नाही." ते म्हणायचे, "त्यानं रविवार सकाळ सोडून दुसरी कुठलीही वेळ निवडली असती तर माझी तक्रार नव्हती."

आम्ही दोघंही एकाच मालकाच्या मागच्या अंगणातल्या खोल्यांमध्ये राहायचो, भिंतीला भिंत लागून. मालक कापसाचे आडत्ये, गळ्यात तुळशीची माळ, स्वभावानं वाईट नव्हेत. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती, अंगणात मांसमच्छी शिजता कामा नये. सरांनी ती अट पाळली. कोंबडा मात्र पाळला.

त्याचं कारण असं की त्यांच्या मंडळीत, म्हणजे परभणीच्या चर्चमध्ये, दर वर्षी कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं, वाढलं, त्यातलं पहिलं आणि चांगलं ते देवापुढे आणून ठेवायचं. कुणी ज्वारीची कणसं आणतं, कुणी भोपळा, कुणी अंडी. उपासना झाली की त्या वस्तूंचा तिथंच लिलाव होतो. सरांना शेत नव्हतं, म्हणून ते वर्षभर एक कोंबडा वाढवायचे. मालकांनी हरकत घेतली तेव्हा सर म्हणाले, "मालक, हा ज्वारी खातो आणि तुम्हीही ज्वारी खाता. जिवंत आहे तोवर हा शाकाहारीच आहे." मालकांना यावर उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

तर असा हा प्रभूचा कोंबडा. तो प्रभूपर्यंत काही पोचत नव्हता. पहिल्या वर्षी गाडीत एक म्हातारा भेटला. लेकीचं लग्न झाल्यावर पहिल्यांदाच तिच्या घरी निघाला होता आणि हात रिकामे होते. जाताना डालग्यासकट कोंबडा त्याच्याबरोबर उतरला. दुसऱ्या वर्षीचा मुंगसानं नेला. तेवढा एक प्रसंग सरांच्या दयेत धरता येणार नाही, तरी सर त्या मुंगसाबद्दलही वाईट बोलले नाहीत.

तिसरा कोंबडा तांबडा होता आणि देखणा होता. पहाटे असा आरवायचा की मालक अंथरुणातूनच "राम राम" म्हणायचे, त्याला की देवाला ते माहीत नाही. त्या वर्षी सरांना कोंबड्याची जास्तच काळजी होती. मंडळीत नवे 'वडील' नेमायचे होते. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी मोठी माणसं, आणि सरांचं नाव चर्चेत होतं. एक अडचण होती, ते हजर कधी नसत. निदान सणाच्या दिवशी तरी देवापुढची भेट घेऊन या, असं पाळकांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, निरोप पाठवून बजावलं होतं. सरांना तो मान हवा होता. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण आठ दिवस आधीच कोटाला इस्त्री केली होती, यावरून मी ओळखलं.

त्या रविवारी मलाही परभणीला जायचं होतं. सरांच्या हातात बायबल आणि छत्री, म्हणून डालगं माझ्याकडे आलं. स्टेशनवर कपाशीच्या गाठी रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या आडोशाला एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून एक तरुण बाई पडली होती. बाईच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं तान्हं होतं. कोटातला माणूस जवळ येताना दिसताच म्हातारी घाईघाईनं गाठोडं आवरायला लागली.

"उठायलाव सायेब, उठायलाव. सून बाळंतीण हाय, जरा टेकली."

सर म्हणाले की आपण काही साहेब नाही. मग तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत त्याचा राग बौद्ध वस्त्यांवर निघाला होता. वर्तमानपत्रांत आता दुसऱ्या बातम्या येत होत्या. म्हातारीच्या गावात मात्र अजून तीच बातमी चालू होती. घर जळालं होतं, कुणी काम देत नव्हतं, विहिरीवर येऊ देत नव्हतं. लेक काम शोधायला परभणीला गेला होता, त्याचा ठावठिकाणा नव्हता. त्याला शोधायला या निघाल्या होत्या. सुनेच्या अंगात ताप होता, दूध आटलं होतं आणि लेकरू रडायचंही थांबलं होतं.

सिग्नल पडला. सर रुळांकडे बघत राहिले. मग चिडून म्हणाले, "मला अजिबात वेळ नाही. आज तर नाहीच नाही." आणि बायबल काखेत धरून घड्याळ काढायला लागले.

गाडी आली आणि गेली. डालगं माझ्या हातात होतं, म्हणून सरांबरोबर आणि त्या दोघींबरोबर मलाही परत फिरावं लागलं. वाटेत सरांनी दवाखान्यातून सुनेसाठी औषध घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, ताप उतरेल, पण अंगात काही नाही, पोटात कसदार गेलं पाहिजे. हे ऐकून सरांनी कोंबड्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

दारात सरांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला पाहिलं, बायांना पाहिलं, डालगं पाहिलं. म्हणाल्या, "यंदा गावाबाहेर तरी पडेल असं वाटलं होतं." आणि चुलीवर पाणी ठेवलं.

दुपारी अंगणात वास सुटला. लपवण्यासारखा वास नव्हता तो. मालक धोतराचा सोगा नाकाला लावून आले.

"सर, कायचा वास यायलाय?"

"कोंबड्याचा."

"कोणत्या कोंबड्याचा?"

"एकच होता, मालक."

मालकांनी उघड्या दारातून आत पाहिलं. सून भिंतीला टेकून रस्सा पीत होती. मालक म्हणाले, "ह्या बाया कुठल्या?" सरांनी गावाचं नाव सांगितलं. मालक म्हणाले, "गाव न्हाई इचारलं मी." सर म्हणाले, "मग जे विचारायचंय ते विचारा." पण मालक सज्जन होते, तोंडानं विचारणं त्यांना बरं वाटेना. न विचारताच ते पुढचं बोलले. कोंबड्याचं एक वेळ पोटात घालता आलं असतं, पण त्यांना रोज बाजारात बसावं लागतं, लोक काय म्हणतील. उद्या सकाळी त्या तरी जातील, नाहीतर सर तरी.

आतला पेल्याचा आवाज थांबला. म्हातारी पुन्हा गाठोडं आवरायला लागली होती.

सरांच्या कपाळावर एवढ्या आठ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. वैतागून म्हणाले, "मालक, मला अजिबात वेळ नाही हो नवी खोली शोधायला."

मालकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला. सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं होतं, ते मालकांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांना माहीत नव्हता. मला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मालकीणबाई माझ्या दाराशी आल्या. पदराखालून जर्मनचं पातेलं काढलं. त्यात आळीवाची खीर होती, तूप वर तरंगत होतं. "बाळंतिणीला द्या तेवढी. माजं नाव सांगू नका." मी पातेलं घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भांडं परत करू नका." ते का, हे तुम्हाला समजलं असेल. मलाही समजलं. तरी खीर इतकी जीव ओतून केलेली होती की तिच्यावर रागावता येईना. आमच्या गावातली दया अशीच असायची, एक भांडं गमावून केलेली.

सरांनी कापसाच्या जिनिंग मिलच्या पलीकडे, बौद्ध वस्तीला लागून, पत्र्याची एक खोली मिळवली. हातगाडीवरून सामान गेलं, त्यामागून म्हातारी आणि सून गेल्या. पहाटे कोंबडा आरवत नाही म्हणून मालकांना उठायला उशीर व्हायला लागला, आणि याचीही तक्रार त्यांनी माझ्याकडेच केली. महिन्याभरानं त्या बाईचा नवरा पत्ता काढत आला. पण तोवर वस्तीशी त्यांची ओळख झाली होती, मग ते कुटुंब तिथंच राहिलं, सरांच्या शेजारी.

मंडळीनं दुसऱ्याला वडील नेमलं. सणालासुद्धा आले नाहीत, भेटही आणली नाही, असं कारण झालं. मी भडकलो. तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही, असं विचारलं. सर म्हणाले, "काय सांगू, देवाचा कोंबडा आम्ही खाल्ला म्हणून? आणि त्यांचं बरोबर आहे, मी नियमित नाहीच." थोड्या वेळानं म्हणाले, "दया केली की मनाला शांती मिळते असं सांगतात. मला पित्त होतं." कोट त्यांनी ट्रंकेत घालून ठेवला, आणि तो घडी करताना त्यांना फार वाईट वाटलेलं मी पाहिलं.

पुढेही दर वर्षी कोंबडा वाढत होता आणि दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला जात होता. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात सर गेले. परभणीला दफनविधीत पाळकांनी चांगले शब्द काढले, फक्त मंडळीला त्यांचा सहवास थोडा लाभला, एवढं म्हणाले. मागे उभी असलेली सेलूची सगळी वस्ती हे ऐकून एकमेकांकडे बघत राहिली. तिला तो सहवास जरा जास्तच लाभला होता.

विद्यापीठाचा नामविस्तार अखेर झाला, त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला सरांच्या पत्नींनी मला आग्रहानं परभणीला बोलावलं. उपासना संपून लिलाव चालू होता. मांडवात भोपळे होते, पपया होत्या, हुरड्याची कणसं होती. सरांचं घड्याळ त्यांच्या पत्नींच्या हातात होतं, सैल, कोपरापर्यंत सरकणारं. तेवढ्यात दारातून एक बाई आणि एक तरुण मुलगी आत आल्या. मुलीच्या हातात डालगं होतं. सरांच्या शेजारची ती सून आणि तिचं ते लेकरू.

मंडळीतले एक वडील लिलाव करत होते, त्यांनी विचारलं, तुम्ही कोणत्या मंडळीच्या.

"आमी बौद्ध हाव," ती बाई म्हणाली. "ह्यो आमचा न्हाई. सरांचा हाय. त्यांचा मी खाल्ला होता, ह्या पोरीच्या वक्ताला. हितं पोचवायचा ऱ्हायला होता."

डालग्यात तांबडा कोंबडा होता. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं, मग घसा साफ करून म्हणाले की जेवणाला उशीर होतो आहे, आता वेळ नाही, पुढच्या वर्षी बघू.

मी सरांच्या पत्नींकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या. त्यांनी सरकलेलं घड्याळ मनगटावर ओढून घेतलं, काढलं आणि पर्समध्ये टाकलं. मग त्या उठल्या, पुढे जाऊन मुलीच्या हातातलं डालगं घेतलं आणि भोपळ्यांच्या रांगेत, अगदी मध्यभागी ठेवलं.